हातउसने पैसे : देणं उभं कसं राहतं आणि मुदतीत बुडतं कसं

दिवाणी कायद्यात देणं उभं राहायला फारसं काही लागत नाही. एकाने पैसे दिले, दुसऱ्याने परत करायच्या बोलीवर घेतले, की देणं लागू झालं. कागद नाही, साक्षीदार नाही, स्टँप नाही, तरी ते देणंच असतं. भारतीय करार कायदा, १८७२ तोंडी करार मानतो. लेखी कराराची सक्ती काही ठराविक व्यवहारांनाच आहे आणि हातउसने त्यात येत नाहीत. 'कागद नाही म्हणजे केस नाही' हे गावोगाव ऐकू येणारं वाक्य त्यामुळे चूक आहे. पण 'कागद आहे म्हणजे पैसे कुठे जात नाहीत' हे त्याहून महागात पडणारं वाक्य आहे, कारण कागद कपाटात जपून ठेवलेला असतो आणि दावा लावायची मुदत संपून गेलेली असते.

देणं असणं आणि ते कोर्टामार्फत वसूल करता येणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. हा लेख त्यांच्यामधल्या अंतराबद्दल आहे. महाराष्ट्रात नातेवाईक, मित्र, शेजारी, धंद्यातले ओळखीचे यांच्यात होणारे साधे पैशांचे व्यवहार धरून लिहिलं आहे.

आधी, देणं उभंच राहत नाही अशा काही जागा. घेणारा १८ वर्षांखालचा असेल तर करार मुळातच रद्दबातल ठरतो. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं सर्वोच्च अपील न्यायालय) मोहोरी बीबीच्या खटल्यात हे ठरवलं आणि आजही तेच धरलं जातं. अज्ञान मुलाला त्याच्या गरजेच्या वस्तू पुरवल्या असतील तर त्याच्या मालमत्तेतून भरपाई मिळते, पण त्याच्यावर व्यक्तिशः हुकूमनामा (कोर्टाचा वसुलीचा निकाल) होत नाही. पैज किंवा सट्ट्यात जिंकलेली रक्कम कुठेच वसूल होत नाही. जुन्या मुंबई इलाख्यात १८६५ चा एक कायदा आणखी पुढे जातो : सट्ट्यासाठी म्हणून जाणूनबुजून उसने दिलेले पैसेसुद्धा इथे दावा लावून मागता येत नाहीत. आयपीएलच्या दिवसांत 'नंतर देतो' म्हणून घेतलेल्या रकमा या खड्ड्यात जातात.

उलट बाजूने, करार न होताही देणं उभं राहतं. यूपीआय करताना एक आकडा चुकला आणि पैसे अनोळखी माणसाच्या खात्यात गेले, तर त्याने तुम्हाला काहीच कबूल केलेलं नसतं, तरी करार कायद्याच्या कलम ७२ प्रमाणे ते परत करणं त्याला बंधनकारक आहे. भावाच्या हिश्श्याची घरपट्टी जप्ती टाळण्यासाठी तुम्ही भरली, तर कलम ६९ खाली ती त्याच्याकडून मागता येते. 'मी कुठे सही केली होती?' हा बचाव इथे चालत नाही.

पैसे गेले हे दिसतं, उसने गेले हे दिसत नाही

बँकेतून रक्कम पाठवली की पुरावा झाला, असं बहुतेकांना वाटतं. बँकेच्या उताऱ्याने एवढंच सिद्ध होतं की रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेली. ती कशासाठी गेली हे उतारा सांगत नाही. त्यामुळे लेखी कैफियतीत (दाव्याला प्रतिवादीने दिलेल्या उत्तरात) हमखास तीनपैकी एक बचाव येतो : हे पैसे आमचेच जुने येणं होतं, हे भेट म्हणून दिले होते, हे धंद्यात गुंतवले होते आणि धंदा बुडाला. तिसरा बचाव सगळ्यात त्रासदायक, कारण भागीदारीचा हिशेब वेगळा आणि त्याचा दावा वेगळा.

यावर उपाय फुकट आहे. पैसे पाठवताना शेऱ्याच्या चौकटीत 'हातउसने' लिहा. पाठवल्यावर लगेच मेसेज टाका : 'आज तुला २,००,००० रुपये हातउसने पाठवले, ३१ मार्चपर्यंत परत द्यायचे ठरले आहेत.' समोरून 'हो, मिळाले' आलं की अर्धं काम झालं. असे मेसेज कोर्टात दाखल करताना १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, तेव्हा ज्या फोनवर ते आहेत तो मोडीत काढू नका. नुसते स्क्रीनशॉट पुढे करून बसणाऱ्यांची पंचाईत होते.

रोखीचा प्रश्न वेगळा. प्राप्तिकर कायद्यानुसार २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त उसनवार रोखीने घेता येत नाही. घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. त्यामुळे देणं रद्द होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये, गोव्यातून गेलेल्या एका चेकच्या प्रकरणात, हे स्पष्ट केलं. पण त्याच वर्षी आधी याच न्यायालयाने असंही सांगून ठेवलं आहे की दोन लाख किंवा जास्त रोख दिल्याचं दाव्यात म्हटलं असेल तर कोर्टाने प्राप्तिकर खात्याला कळवावं. म्हणजे दावा चालेल, पण 'एवढी रोकड कुठून आणली?' हा प्रश्नही सोबत येईल.

हातचिठ्ठी लिहायची तर

प्रॉमिसरी नोट, वचनचिठ्ठी, हातचिठ्ठी, काहीही म्हणा. ती अर्ध्या पानाची असते आणि चुका तेवढ्यातच होतात. मजकूर साधा असावा :

'मी, (नाव, वय, पत्ता), वचन देतो की श्री. ……… यांना किंवा ते सांगतील त्यांना मागणी करताच रुपये २,००,००० (अक्षरी रुपये दोन लाख फक्त) द.सा.द.शे. १२ टक्के व्याजासह देईन. ही रक्कम मला आज रोजी त्यांच्याकडून बँकेमार्फत मिळाली.' खाली दिनांक, ठिकाण आणि रेव्हेन्यू तिकिटावर आडवी सही.

यात 'किंवा ते सांगतील त्यांना' हे शब्द शोभेचे नाहीत. ते गाळले आणि खाली साक्षीदाराची सही घेतली, तर मुद्रांक कायद्याच्या नजरेत तो कागद वचनचिठ्ठी न राहता बंधपत्र होतो आणि त्याला जास्त मुद्रांक लागतो. 'ही चिठ्ठी आणेल त्याला' असं मात्र कधीही लिहू नये. धारकास देय वचनचिठ्ठी काढायला रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम ३१ ने बंदी आहे. 'जमीन विकली की देईन' असं लिहिलं तरी ती वचनचिठ्ठी राहत नाही, कारण तिच्यातलं वचन बिनशर्त लागतं.

तिकिटाची गोष्ट गंमत वाटावी अशी आहे, पण तिच्यात लाखोंचे दावे पडले आहेत. मागणीबरोबर देय वचनचिठ्ठीला मुद्रांक पैशांत मोजावा एवढाच लागतो, म्हणून लोक एक रुपयाचं तिकीट लावतात आणि ते पुरतं. मात्र तिकीट लावलंच नाही, किंवा लावून त्यावर सही न करता ते तसंच ठेवलं, तर कागद पुराव्यात घेतला जात नाही. इतर बहुतेक कागदांना कमी पडलेला मुद्रांक दंडासह भरून वाचवता येतं. वचनचिठ्ठीला ती सवलत नाही. मग दावा चिठ्ठीवर न उभारता मूळ उसनवारीवर उभारावा लागतो आणि ती बँकेच्या नोंदी, मेसेज, साक्षीदार यांवरून सिद्ध करावी लागते. चिठ्ठी बरोबर असली तर काम उलटं होतं : सही सिद्ध झाली की मोबदला मिळाला होता असं कोर्ट गृहीत धरतं आणि 'पैसे मिळालेच नव्हते' हे दाखवायची जबाबदारी सही करणाऱ्यावर जाते.

वचनचिठ्ठीऐवजी साधा करार करणार असाल तर महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या स्टँपचे दिवस गेले, पाचशेचा घ्यावा लागतो. नोटरीचा शिक्का सहीची ओळख पटवायला मदत करतो. त्याने करार 'रजिस्टर' होत नाही, मुदत वाढत नाही आणि वसुली सोपीही होत नाही. नोटरीवर खर्च करून निर्धास्त बसणारे बरेच भेटतात.

मुदत : इथेच बहुतेक देणी बुडतात

मुदत कायदा, १९६३ प्रमाणे उसन्या पैशांच्या दाव्याला तीन वर्षं आहेत. प्रश्न एवढाच की तीन वर्षं कधीपासून. 'मागशील तेव्हा देईन' या बोलीवर दिलेल्या पैशांची मुदत मागितल्यापासून सुरू होते, असा सार्वत्रिक समज आहे. कायदा बरोबर उलट सांगतो. मागणीबरोबर देय उसनवारीत आणि मागणीबरोबर देय वचनचिठ्ठीत मुदत पैसे दिल्याच्या, चिठ्ठी लिहिल्याच्या तारखेपासूनच धावू लागते. तुम्ही मागा अगर मागू नका. भाचीच्या लग्नाला दिलेले पैसे 'आता कसं मागायचं' म्हणून चार वर्षं मागितले नाहीत, की दावा मेला.

याला अपवाद ठेवीचा. परत मागण्याच्या बोलीवर कुणाकडे ठेव म्हणून रक्कम ठेवली असेल तर मुदत मागणीपासून मोजतात. पण हातउसन्याला नंतर 'ठेव' म्हणून रंगवलेलं कोर्टाच्या लगेच लक्षात येतं. त्यापेक्षा चिठ्ठीत परतफेडीची तारीख घाला. 'दिनांक ३१ मार्च २०२७ रोजी देईन' असं लिहिलं तर तीन वर्षं त्या तारखेपासून, म्हणजे ३१ मार्च २०३० पर्यंत. हप्ते ठरले असतील तर प्रत्येक हप्त्याची मुदत त्याच्या त्याच्या तारखेपासून. 'एक हप्ता चुकला की सगळी रक्कम एकदम देय' असं कलम असेल तर चुकल्याच्या तारखेपासून.

मोजणी कशी करतात ते एका उदाहरणावर पाहू. १५ जून २०२२ ला मागणीबरोबर परत करायच्या बोलीवर पैसे दिले. तो दिवस मोजायचा नाही. तीन वर्षं १५ जून २०२५ ला पुरी होतात. तो रविवार होता, कोर्ट बंद, म्हणून सोमवारी १६ जूनला दाखल केलेला दावा चालला असता. १७ तारखेचा चालला नसता, अगदी वादी दवाखान्यात होता तरीही. उशीर माफ करण्याची सोय अपिलं आणि अर्जांना आहे, दाव्याला नाही. आणि प्रतिवादीने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी कलम ३ प्रमाणे कोर्टाने आपणहून दावा फेटाळायचा असतो. (कोविडच्या काळातली, १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ ही दिवसगणती सर्वोच्च न्यायालयाने मुदतीतून वगळली आहे. त्याआधीच्या उसनवारीचा हिशेब करताना ती विसरू नये.)

वकिलाची नोटीस पाठवली की मुदत थांबते, हा दुसरा समज. थांबत नाही. खासगी माणसावर पैशांचा दावा लावायला नोटीस सक्तीचीही नाही. पोलिसांत अर्ज दिला, तंटामुक्ती समितीत बैठक झाली, भावकीने मध्यस्थी केली, यातल्या कशानेही घड्याळ थांबत नाही. समोरच्याला हे ठाऊक असतं. 'दिवाळीनंतर बघू', 'उसाचं बिल आलं की देतो' यातले काही वायदे खरे असतात आणि काही फक्त दिवस काढायला असतात. दोन्हींचा परिणाम एकच.

मुदत नव्याने सुरू करायचे रस्ते दोन. पहिला कबुलीचा, कलम १८. मुदत संपण्याआधी ऋणकोने (पैसे घेणाऱ्याने) लेखी आणि सहीनिशी 'एवढं देणं बाकी आहे' असं मान्य केलं, की त्या दिवसापासून पुन्हा तीन वर्षं. कबुलीत 'सध्या देऊ शकत नाही' किंवा अगदी 'देणार नाही' असं लिहिलं तरी ती कबुलीच ठरते, कारण प्रश्न देणं मान्य आहे की नाही एवढाच असतो. दुसऱ्याला लिहिलेल्या पत्रातली कबुलीही चालते. दुसरा रस्ता कलम १९ चा : मुदतीच्या आत मुद्दल किंवा व्याजापोटी काही रक्कम दिली आणि त्याची नोंद देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीने आहे, तर पैसे दिल्याच्या दिवसापासून तीन वर्षं. चेकवर सही असतेच, म्हणून तो चालतो. रोख किंवा यूपीआयने आलेल्या पाच हजारांवर वाद घालायला जागा राहते. तेव्हा पैसे मिळताच चिठ्ठीच्या मागे 'आज रोजी व्याजापोटी रु. ५,००० दिले, मुद्दल रु. २,००,००० बाकी' असं ऋणकोकडून लिहून, तारीख घालून, सही घ्या. तुम्ही स्वतः मागे लिहून ठेवलेली नोंद शून्य किमतीची.

आता वरच्याच उदाहरणात सही १० जून २०२५ ला घेतली तर १० जून २०२८ पर्यंत निर्धास्त. तीच सही २० जूनला घेतली तर? मुदत संपलेली असते आणि कबुलीने मेलेली मुदत जिवंत होत नाही. तेव्हा करार कायद्याचं कलम २५(३) उपयोगी पडतं : मुदतबाह्य देणं फेडण्याचं लेखी, सहीचं वचन हा स्वतंत्र नवा करार होतो. फरक शब्दांत आहे. 'माझ्याकडून २,००,००० येणे बाकी आहे हे मान्य' एवढंच असेल तर ती कबुली, आणि मुदतीनंतर निरुपयोगी. 'ते मी ३१ डिसेंबरपर्यंत देईन' असं असेल तर वचन, आणि त्यावर दावा उभा राहू शकतो. उशिरा कागद करून घेताना 'मान्य आहे' वर थांबू नका, 'देईन' लिहून घ्या.

मुदत संपली म्हणजे देणं नाहीसं झालं असंही नाही. फक्त कोर्टाचा दरवाजा बंद होतो. समोरच्याने मुदतीनंतर आपणहून पैसे दिले तर 'मुदत संपली होती' म्हणून त्याला ते परत मागता येत नाहीत. तारण म्हणून दागिना तुमच्याकडे असेल तर तो ठेवून घेण्याचा हक्क राहतो. त्याची तुमच्याकडे दोन देणी असतील आणि कोणत्या देण्यापोटी ते न सांगता त्याने रक्कम दिली, तर ती मुदतबाह्य देण्याकडे वळवायचा अधिकार तुम्हाला आहे (करार कायदा, कलम ६०). मात्र देणाऱ्याने आधी सांगितलं असेल तर त्याचं चालतं. म्हणून हे दोन्ही बाजूंना सांगण्यासारखं : फेडणाऱ्याने प्रत्येक वेळी कशापोटी देतो ते लिहावं.

गोव्यातल्या वाचकांसाठी एक ओळ. पोर्तुगीज दिवाणी संहितेतली लांब मुदत करारांच्या देण्यांना मिळते का, यावर बरीच वर्षं वाद होता. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये तो मिटवला. तिथेही १९६३ चाच कायदा.

जामीनदाराची सही

'नुसती सही हवी, तुला काही करावं लागणार नाही' या वाक्यावर जितके पगारदार अडकले असतील तितके स्वतःच्या कर्जात अडकले नसतील. करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. आधी कर्जदाराला गाठा, त्याचं घर विका, उरलं तर माझ्याकडे या, असं जामीनदाराला म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ सालीच हे ठरवलेलं आहे. पतसंस्था सोपं असेल तिथून वसूल करते, आणि सोपं म्हणजे ज्याचा पगार दरमहा बँकेत जमा होतो तो.

सहकारी संस्थेच्या बाबतीत वेगही जास्त असतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो आणि दिवाणी दावा न लावताच वसुली अधिकारी जप्तीला येऊ शकतो. शिवाय कलम ४९ प्रमाणे पगारातून कपातीची संमती कर्जाच्या कागदांच्या गठ्ठ्यातच बऱ्याचदा आधी घेतलेली असते. दाखल्याच्या अर्जाची नोटीस आली की तिथेच हजर राहून हिशेब मागा. दाखला निघाल्यावर तो आव्हान द्यायला गेलात तर आधी रक्कम भरण्याचा प्रश्न येतो.

जामीनदार सुटतो कधी? संस्थेने त्याला न विचारता कर्जाच्या अटी बदलल्या, कर्जदाराला मोकळं केलं, किंवा त्याच्याशी तडजोड करून मुदत वाढवून दिली तर (करार कायदा, कलम १३३ ते १३५). नुसता दावा लावायला उशीर केला म्हणून सुटत नाही. आणि छापील जामीनपत्रात हे हक्क सोडून दिल्याचं कलम जवळजवळ नेहमीच असतं, तेव्हा सही करण्याआधी तेवढा परिच्छेद तरी शोधून वाचा. दिलेल्या कर्जाचा जामीन मागाहून 'मी नाव काढून घेतो' असा अर्ज देऊन निघत नाही. संस्थेने दुसरा जामीनदार स्वीकारला तरच.

भरावेच लागले तर भरलेल्या प्रत्येक पैशाची पावती स्वतःच्या नावाने घ्या. भरल्यावर कर्ज देणाऱ्याचे सगळे हक्क, तारणासकट, जामीनदाराकडे येतात आणि कर्जदाराकडून पूर्ण रक्कम मागता येते. मुदत, भरल्यापासून तीन वर्षं. सहजामीनदारांकडून हिस्सा मागता येतो. तीन जामीनदार, थकबाकी साडेचार लाख आणि ती एकट्यानेच भरली, तर प्रत्येकाकडून दीड लाख. हा हक्क फार थोडे वापरतात. सोबत सही केलेला मित्र असतो ना.

मिळून घेतलेल्या कर्जाचंही असंच. दोघांनी एका चिठ्ठीवर सही केली तर धनको (पैसे देणारा) सगळी रक्कम कोणा एकाकडून घेऊ शकतो; निम्मं निम्मं हा त्या दोघांमधला हिशेब.

आणि बापाचं कर्ज? ९ सप्टेंबर २००५ नंतर घेतलेल्या कर्जासाठी 'पितृऋण' या आधारावर हिंदू मुलाकडे वसुली करता येत नाही. वारसाकडे जेवढी मालमत्ता बापाकडून आली तेवढ्यापुरतंच. काहीच आलं नसेल तर काहीच नाही, गावात कोणी काहीही म्हणो. धनको वारला तर त्याच्या वारसांना मात्र हुकूमनाम्यासाठी न्यायालयाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र काढावं लागतं. तलाठ्याकडच्या वारसनोंदीवर भागत नाही.

व्याज आणि सावकारी

व्याज ठरलं असेल तर लिहा. वचनचिठ्ठीत दरच लिहिला नसेल तर पराक्राम्य संलेख कायद्याचं (चेक, वचनचिठ्ठ्यांचा कायदा) कलम ८० वर्षाला १८ टक्के देतं. साध्या उसनवारीत व्याज ठरलं नसेल तर व्याज अधिनियम, १९७८ खाली लेखी मागणीच्या तारखेपासून कोर्ट व्याज देऊ शकतं. नोटिशीचा खरा उपयोग हा आहे. म्हणून तिच्यात 'व्याजासह' हा शब्द हवा. 'महिना तीन टक्के' म्हणजे वर्षाला छत्तीस, आणि तो दर पाहिला की कोर्टाला सावकारीचा वास येतो. दामदुपटीचा जुना नियम आपल्याकडे अजून जिवंत आहे : ऋणको हिंदू असेल तर एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज मागता येत नाही.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारीचा धंदा करणाऱ्याला कोर्ट हुकूमनामा देत नाही, शिवाय पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मित्राला एकदा उसने दिले म्हणजे धंदा नव्हे. पण दहा जणांना व्याजाने दिलेल्या चिठ्ठ्या एकाच माणसाच्या कपाटात निघाल्या तर हा बचाव टिकणं कठीण.

चेक

सुरक्षेसाठी घेतलेला चेक परत आला की तारखांची साखळी सुरू होते. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत टाकायचा. परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस. ती पोचल्यापासून १५ दिवस त्याला पैसे द्यायला. ते उलटले की एक महिन्यात तक्रार. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कोऱ्या चेकवर सही करून दिली आणि मजकूर दुसऱ्याने भरला, म्हणून सही करणारा आपोआप सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे सांगितलं आहे. मात्र फौजदारी तक्रार चालू आहे म्हणून दिवाणी दाव्याची तीन वर्षं थांबत नाहीत. चेकच्या केसमध्ये चार वर्षं तारखा झाल्या, आरोपी सुटला, आणि मग दिवाणी दाव्याचा विचार सुरू झाला, हा क्रम फार ओळखीचा आहे.

हुकूमनाम्यानंतर

वचनचिठ्ठी किंवा ठराविक रकमेचा लेखी करार असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली समरी (झटपट चालवायचा) दावा लावावा. प्रतिवादीने समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत हजर व्हायचं, आणि बचाव करायला आधी कोर्टाची परवानगी मिळवायची. परवानगी मिळाली तर तो साध्या दाव्यासारखाच लांबतो, पण निदान पोकळ बचावाची तिथे चाळणी होते.

हुकूमनामा मिळाला की पैसे आपोआप येत नाहीत, दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) लावावी लागते. तिला १२ वर्षं आहेत. दरखास्तीत ऋणकोची मालमत्ता शोधून द्यायचं काम तुमचंच : सातबारा, मिळकत पत्रिका, गाडीचा नंबर, बँकेची शाखा, नोकरीचं ठिकाण. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, मंगळसूत्र, शेतकऱ्याची अवजारं आणि तो राहतो ते घर, भविष्य निर्वाह निधी, यांवर जप्ती येत नाही. पगारातले पहिले हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित. हिशेबात धरायचा पगार ४०,००० असेल तर महिन्याला १३,००० अडकवता येतात, आणि तेही २४ महिने झाले की त्याच हुकूमनाम्यापुरती पगारजप्ती थांबते. दिवाणी कैदेचा अर्ज अनेक जण हौसेने करतात. पैसे असून देत नाही हे दाखवता आलं तरच तो चालतो. नुसता कंगाल असल्याबद्दल कोणाला आत टाकता येत नाही, आणि टाकलं तरी जास्तीत जास्त तीन महिने.

दावा चालू असताना तो जमीन विकून मोकळा होईल अशी खरी भीती असेल, तर निकालाची वाट न पाहता आदेश ३८ नियम ५ खाली आधीच जप्तीचा अर्ज द्यावा. त्यासाठी 'विकणार असं ऐकलं' पुरत नाही. इसारपावती, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस, एजंटाकडे दिलेली जाहिरात, असं काहीतरी हातात हवं, आणि ते अर्जासोबतच जोडावं लागतं.